चार राजे आणि एक पंगत

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या मेट्रनबाई कुसुम साळवे यांच्या घरी नाताळचं जेवण तीन पाळ्यांत होत असे. कॉलोनीत हे सर्वांना ठाऊक होतं आणि कुणालाही त्याचं नवल वाटत नसे. पहिल्या पाळीला थोरला सुशील बायकामुलांसह येई. तो जेवून, हात पुसून, स्कूटरला किक मारून वळणापलीकडे गेला, की मेडिकल स्टोअरपाशी इंजिन बंद करून उभी असलेली अनुश्रीची मारुती हले. अनुश्री आणि तिचे यजमान तिर्कीसाहेब रायत्याची तारीफ करून निघाले, की मग धाकटा शिशिर घरात शिरे. एका आईची तीन लेकरं, पण कित्येक नाताळांत त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दिसलाच तर पुढच्याच्या गाडीचा धूर दिसे.

कारण अगदी साधं होतं. सुशील वडिलांच्या मागे वडिलांच्याच चर्चमध्ये राहिला. गोऱ्या मिशनऱ्यांनी लाल विटांत बांधलेलं ते चर्च, म्हणून सगळे त्याला लाल चर्च म्हणत. अनुश्रीनं कॅथलिक मुलाशी लग्न केलं आणि ती फादर जेरोम यांच्या मोठ्या चर्चला जाऊ लागली. शिशिरला एकदा टायफॉइड झाला, तो तेलीबांध्याच्या एका हॉलमधल्या प्रार्थनेनं उतरला असं त्याचं ठाम मत झालं, आणि त्यानं त्या हॉलवाल्यांकडून टाकीत डोक्यापर्यंत बुडून नव्यानं बाप्तिस्मा घेतला. हे त्यानं नाताळच्या जेवणात सांगितलं. सुशीलचा घास हातातच राहिला.

"लहानपणी तुझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं होतं, ते काय म्युनिसिपालिटीच्या नळाचं होतं?"

"पानी ठीक था भैया. कम था."

यावर अनुश्री म्हणाली, की तुम्ही दोघं उगाच भांडता, मूळचं चर्च तर एकच आहे. ते कुठलं, हे तिनं सांगायची गरज पडली नाही. त्या दिवशी रायतं वाढायचं राहूनच गेलं आणि पुढच्या वर्षीपासून पाळ्या सुरू झाल्या.

मेट्रनबाई मूळच्या अचलपूरच्या. रेल्वेच्या दवाखान्यात त्यांनी जन्म काढला. निम्म्या रेल्वे कॉलोनीची बाळंतपणं त्यांच्या हातची, त्यामुळे मोठमोठे साहेब त्यांच्यासमोर अजूनही जरा अंग चोरून उभे राहत. आता पंच्याहत्तरी उलटून गेली होती. एकच पुलाव तीनदा गरम करावा लागे आणि शिशिरच्या वाट्याला येईपर्यंत त्याची खिचडी झालेली असे. तीनही पोरांना एका पंगतीत वाढायचं, एवढी एकच इच्छा बाईंच्या मनात राहिली होती, आणि ती आठवली की त्यांचे डोळे भरत. त्या वर्षी एक नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, नाक्यानाक्यावर फटाके फुटले. बाईंना वाटलं, राज्य होऊ शकतं तर पंगत का होऊ नये? आणि त्या शेजारी नानांकडे गेल्या.

नाना म्हणजे रामकृष्ण वैरागडे, रेल्वेचे निवृत्त सेक्शन कंट्रोलर. कंट्रोल ऑफिसात कानाला फोन लावून बसायचं आणि कुठली गाडी सोडायची, कुठली बाजूच्या लूप लाइनवर उभी करायची हे ठरवायचं, यात त्यांची हयात गेली. सिंगल लाइनवर त्यांनी दोन गाड्या समोरासमोर कधी येऊ दिल्या नाहीत, आणि जगातले यच्चयावत तंटे हे मुळात क्रॉसिंगचे तंटे आहेत असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

"नाना," मेट्रनबाई म्हणाल्या, "तुम्ही उभी जिंदगी गाड्या सोडल्या. मले माहे तीन लेकरं एका टायमाले एका फलाटावर आणून द्या. बस. दुसरं काही नाई मागत."

"एवढंच ना? झालं समजा," नाना म्हणाले.

आतून विजयाबाईंचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा, आवाज आला, "दुसऱ्याच्या घरच्या पंगती जोडाले निघाले. सख्खा मोठा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राह्यते, त्याच्या घरचा चहा काहून बंद हाय, ते सांगा ना आधी!"

"ते वेगळं. ते तत्त्वाचं हाय," नाना म्हणाले.

तत्त्व असं होतं, की कॉलोनीच्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरती सात वाजता व्हावी असं नानांच्या या थोरल्या भावाचं, बाबाराव वैरागड्यांचं, मत होतं, कारण ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले आणि खात्याला संध्याकाळी लवकर भूक लागते. रेल्वेवाल्यांना ड्यूटीवरून यायला उशीर, म्हणून नानांचं म्हणणं साडेसात. मंडळ फुटलं. आता कॉलोनीच्या एकाच सभागृहात दोन टोकांना दोन गणपती बसत, मध्ये कनात आणि दोन्ही मूर्तींची पाठ कनातीकडे. दोन्ही भावांचं बोलणं बंद होतं. पण ते असो, तो आपला विषय नव्हे.

नाना कामाला लागले. तीनही चर्चांच्या नाताळच्या प्रार्थना सकाळी वेगवेगळ्या वेळी सुरू होत आणि वेगवेगळ्या वेळी संपत. सगळ्यांना साडेबाराच्या आत मोकळं केलं, की तिन्ही पोरांना आईकडे एका वेळी न येण्यासाठी सबब उरणार नव्हती. नाना आधी तेलीबांध्याच्या हॉलमध्ये ब्रदर एबेनेजर यांना भेटले. ब्रदर विम्याचं काम सोडून प्रभूच्या कामात आलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आग्रहाची चांगली सवय होती.

"नानाजी, हमारे यहाँ आराधना घड़ी से नहीं चलती."

"मग कशानं चालते?"

"आत्मा से."

घड्याळानं न चालणाऱ्या गाड्या नानांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे ते खचले नाहीत. ब्रदरनी शेवटी मान्य केलं, की साडेबाराला संपवता येईल, मात्र आधी लाल चर्चनं संपवावं, नाहीतर हॉल नमला असं लोक म्हणतील. लाल चर्चचे पादरी नंद म्हणाले, "हमें क्या आपत्ति है? बस पहल उनकी तरफ़ से हो." फादर जेरोम यांनी नानांना कॉफी पाजली, चर्चांमधल्या सलोख्याची कल्पना फार आवडल्याचं सांगितलं आणि मान हलवून म्हणाले, "विचार अच्छा है. चार-पाँच सौ साल से विचाराधीन है."

इथे नानांच्या हातून ती चूक झाली, जी फक्त रेल्वेच्या माणसाकडूनच होऊ शकते. तीन गाड्या अडकल्या, की तिघींना एका जंक्शनवर आणून उभं करायचं, असा कंट्रोलचा नियम. नानांनी तिघा धर्मगुरूंना एका दिवशी, एका वेळी आपल्या घरी चहाला बोलावलं.

कुणाच्याही चर्चमध्ये बाकीचे दोघे जाणार नव्हते, पण नानांच्या दिवाणखान्यात गजानन महाराजांच्या तसबिरीखाली बसायला तिघांचीही हरकत नव्हती. विजयाबाईंनी पोहे केले. चहापूर्वी प्रार्थना कुणी करायची, असा प्रश्न आला, तेव्हा तिघांनी करावी असं ठरलं. पादरी नंद यांची प्रार्थना पुस्तकातली होती, ती पुस्तकाएवढी झाली. फादरांची छोटी होती. ब्रदर एबेनेजर यांच्या प्रार्थनेत नवं राज्य, नवे खातेप्रमुख, नवी कार्यालयं, रेल्वेचे सर्व निवृत्त कर्मचारी आणि सरतेशेवटी पोहे, या सगळ्यांना आशीर्वाद मिळाला. विजयाबाईंनी चहा तीनदा गरम केला. मेट्रनबाईंच्या पुलावाचं दुःख त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग अध्यक्ष कोण, यावर गाडी अडली. पादरी नंद अध्यक्ष होणं फादरांना चालेना, फादर झालेले ब्रदरना चालेनात, आणि ब्रदरचं नाव निघताच पादरींना खोकला आला. तिघांनीही हळूहळू नानांकडे पाहिलं.

"नानाजी, आप ही हो जाइए," फादर जेरोम म्हणाले. "आपसे हम तीनों का बराबर मतभेद है."

अशा रीतीनं, आयुष्यात एकदाही चर्चच्या बाकावर न बसलेले नाना वैरागडे 'अखिल रायपूर कलीसिया ऐक्य समन्वय समिती'चे, म्हणजे चर्चांच्या एकीच्या समितीचे, एकमतानं अध्यक्ष झाले. मेट्रनबाईंनी संध्याकाळी फाटकाशी विचारलं, "पोट्टे येतीन ना पंगतीले?"

"बाई," नाना गंभीरपणे म्हणाले, "मुद्दा आता मोठा झाला."

समितीचं पहिलं काम ठरलं: तीनही चर्चांनी आपापल्या प्रार्थना त्या दिवशी बाजूला ठेवून पोलिसांच्या परवानगीनं मोठ्या मैदानावर एकच संयुक्त नाताळ साजरा करावा. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन गाड्यांच्या ठिकाणी एकच गाडी! आता क्रॉसिंगच उरलं नाही. प्रत्येक चर्चनं आपला प्रतिनिधी पाठवला. लाल चर्चनं आपले सचिव सुशील साळवे यांना पाठवलं, मोठ्या चर्चनं श्रीमती अनुश्री तिर्की यांना, हॉलनं कीबोर्ड वाजवणाऱ्या शिशिरला. तिन्ही भावंडं वर्षानुवर्षांनी एका खोलीत आली आणि तीन कोपऱ्यांत बसली.

"अध्यक्ष महोदय," सुशील म्हणाला, "हॉल के प्रतिनिधि से पूछिए कि ढोलक आएगा या नहीं."

"अरे, तो भाऊ हाय तुझा. तूच विचार ना!"

"घर में भाई है अंकल. यहाँ वो हॉल है."

बैठका आठवड्याला होत्या, त्या रोज होऊ लागल्या. प्रार्थनेत टाळ्या वाजवायच्या की नाही? हॉलचं म्हणणं, टाळ्यांशिवाय स्तुती होत नाही. लाल चर्चचं म्हणणं, टाळ्यांनी छतावरची कबुतरं उडतात. मैदानाला छत नव्हतं, पण मुद्दा परंपरेचा होता. ठराव झाला, की टाळी वाजवण्यास हरकत नाही, मात्र आवाज होऊ नये. सांताक्लॉज शास्त्रात नाही म्हणून हॉलचा त्याला विरोध होता, पण लाल चर्चच्या पोरांनी त्याच्या लाल डगल्यासाठी आधीच कापड घेतलं होतं. ठराव झाला, की सांताक्लॉजनं यावं, पण साध्या वेशात. केकमध्ये रमचे मनुके असावेत असं मोठ्या चर्चचं मत, एक थेंब नको असं हॉलचं. मनुके रममध्ये भिजवावेत आणि केकच्या शेजारी वेगळ्या बशीत ठेवावेत, ज्यानं त्यानं आपापल्या जबाबदारीवर बघावं, असं ठरलं. त्या बशीपाशी नंतर सर्व पंथांची गर्दी झाली, पण ती नोंद इतिवृत्तात नाही.

एका बाबतीत मात्र देवानंच मदत केली. नाताळच्या देखाव्यात गोठ्यातल्या बाळाला भेटायला पूर्वेचे तीन राजे येतात. तीन राजे आणि तीन चर्चं! वाटणी मूळ गोष्टीतच झालेली. बैठकीत प्रथमच हशा झाला, पादरी नंद यांनी ब्रदरना पेढा दिला, आणि नानांनी घरी येऊन विजयाबाईंना सांगितलं, की आता पंगत पक्की.

दुसऱ्याच दिवशी कोशी अच्चन आले.

नवं राज्य म्हटल्यावर भोपाळहून फायली आल्या, फायलींमागून अधिकारी आले, आणि त्या अधिकाऱ्यांत केरळच्या जुन्या पंथाचे इतके सीरियन ख्रिस्ती निघाले, की त्यांनी आपले धर्मगुरूही बोलावून घेतले. केरळवाले धर्मगुरूला अच्चन म्हणतात. कोशी अच्चन यांची दाढी छातीपर्यंत होती आणि त्यांची परंपरा, त्यांच्या म्हणण्यानुसार, बाकी तिघांच्या परंपरा जन्मायच्या आधीपासून थकलेली होती. "एकता को हमारा पूरा समर्थन है," ते सौम्य हिंदीत म्हणाले. "हमारा राजा कहाँ है?"

मग फादर जेरोम यांनी सांगितलं, की राजे तीनच होते असं पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. भेटवस्तू तीन होत्या, माणसं किती ते दिलेलं नाही. समितीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि चौथा राजा मंजूर केला. त्याच्या हातात काय द्यायचं? सोनं, ऊद आणि गंधरस आधीच वाटून गेले होते. अच्चनांनी काजू सुचवले.

आता चार राजांपैकी गोठ्यात आधी कोण शिरणार? जो आधी शिरेल त्याचं चर्च पहिलं ठरणार. चौघांनी एकदम शिरावं असा तोडगा निघाला. पण गोठ्याला दार एकच. मंडपवाल्या दिवाकर साहूला बोलावून चार दिशांना चार दारं असलेला गोठा सांगण्यात आला.

"साहब, चार दरवाजा के गोठा मा गाय कहाँ बाँधहूँ?" त्यानं विचारलं.

गाय वगळण्यात आली.

राहता राहिलं बाळ. खरं बाळ ठेवायचं, तर ते कुणाच्या चर्चचं? लाल चर्चकडे तीन तान्ही मुलं होती, हॉलकडे जुळी. हॉलमध्ये तान्ह्यांना बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे त्यांचं बाळ अजून कुठल्याच चर्चचं नाही आणि म्हणून खरं तटस्थ आहे, असा बिनतोड मुद्दा शिशिरनं मांडला. सुशील उभाच राहिला. बाहुली ठेवा म्हटलं, तर मोठ्या चर्चची बाहुली गोरी होती, आणि अच्चनांच्या लोकांची केरळहून आलेली बाहुली, बाकीच्यांच्या मते, बाळाच्या मानानं फारच विद्वान दिसत होती. मेट्रनबाईंच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, "मी इतके बाळंतपणं केले, एकबी पोट्टं चर्चचं नाव सांगत जन्माले नाई आलं." समितीनं निरोपाबद्दल आभार मानले आणि बाळाच्या नेमणुकीचा प्रश्न पुढच्या बैठकीकडे सोपवला. पुढच्या बैठकीनं तो त्यापुढच्या बैठकीकडे सोपवला.

एवढ्यात शासनाला जाग आली. नव्या राज्यात खाती भराभर निघत होती आणि त्यांना इमारती पुरत नव्हत्या. 'सामुदायिक समरसता कक्ष' नावाचं एक कार्यालय कोंबड्यांच्या जुन्या उबवणी केंद्रात नुकतंच बसलं होतं. तिथल्या विशेष कर्तव्यावरच्या अधिकाऱ्यांना वर्ष संपायच्या आत एक तरी समरसता वर पाठवायची होती. त्यांना तयार ऐक्य मिळालं. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की संयुक्त नाताळ आता शासकीय कार्यक्रम झाला, मंत्रीजी स्वतः येतील, वेळ साडेबारा.

"साडेबारा नको," नाना घाबरून म्हणाले. "साडेबाराले जेवण हाय!"

"किसका?"

आता काय सांगायचं? नानांनी समितीकडे धाव घेतली. वेळ बदलावी असा प्रस्ताव त्यांनी स्वतः मांडला. चारही चर्चांनी तो एका आवाजात फेटाळला. मंत्रीजींच्या वेळेबद्दल कुणाचाही, कुठलाही मतभेद नव्हता. अध्यक्षांच्या निवडीनंतर समितीच्या इतिहासातला हा पहिला एकमतानं झालेला निर्णय. अध्यक्ष तटस्थ असल्यामुळे त्यांना मत नव्हतं.

नाताळच्या सकाळी नाना मेट्रनबाईंकडे गेले. बाईंनी लांब टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं होतं, त्यावर इस्त्रीची चादर घातली होती, आणि एका ओळीत खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारून आणलेल्या दोन खुर्च्या उंचीला कमी होत्या, त्यांवर उशा ठेवल्या होत्या. पुलाव अजून चुलीवर चढवला नव्हता.

"या खेपी एकदाच गरम करीन म्हणते," बाई म्हणाल्या.

नानांना स्वतःची फार लाज वाटली. "येतीन बाई, येतीन," म्हणून ते मैदानाकडे निघाले.

मैदान फुललं होतं. साध्या वेशातला सांताक्लॉज सदरा-पँटमध्ये फिरत होता आणि एकही मूल त्याच्याजवळ जात नव्हतं. लोक भक्तिभावानं बिनआवाजी टाळ्या वाजवत होते. साडेबारा झाले, एक वाजला, दोन वाजले. मंत्रीजी नव्या राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याशा समरसतेत अडकले होते. शासनातर्फे जेवणाची पाकिटं येऊन पडली होती, पुरी-भाजीचा वास सुटला होता. पण पाकिटं कुठल्या चर्चच्या कार्यकर्त्यांनी वाटायची, यावर वाद होऊ नये म्हणून ती फक्त तटस्थ व्यक्तीच्या हातून वाटावीत असा ठराव आधीच झालेला होता.

अखेर सायरन वाजला. मंत्रीजी आले, हार झाले, दोरी ओढली. पडदा सरकला. चार दारांतून चार राजे एकदम आत घुसले आणि मधोमध त्यांची अशी काही टक्कर झाली, की काजू चहूकडे उधळले आणि लाल चर्चच्या राजाचा मुकुट हॉलच्या राजाच्या गळ्यात जाऊन बसला. नानांच्या अख्ख्या नोकरीत असा अपघात झाला नव्हता. गर्दीतून कुणीतरी आवाज करून टाळी वाजवली. धूळ बसल्यावर मंत्रीजी पुढे झाले आणि त्यांनी गव्हाणीत वाकून पाहिलं.

"ये खाली क्यों है?"

चारही धर्मगुरूंनी समोर पाहिलं. विशेष अधिकारी पुढे सरसावले. "सर, प्रक्रियाधीन है."

मंत्रीजींना हे उत्तर पूर्ण कळलं. त्यांनी रिकाम्या गव्हाणीला हार घातला आणि भाषण सुरू केलं.

ती रिकामी गव्हाण पाहताना नानांना बाईंच्या टेबलाशी मांडलेल्या खुर्च्या आठवल्या. ते मंचामागून उतरले, स्कूटर काढली आणि तडक चौबे कॉलोनी गाठली. पाकिटं वाटायला अधिकृत असा एकमेव माणूस मैदानावरून निघून गेला आहे, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"बाई, माफ करा," म्हणत नाना घरात शिरले आणि जागीच थबकले. लांब टेबलाशी, उशी ठेवलेल्या खुर्चीवर, त्यांचे थोरले बंधू बाबाराव बसले होते.

"मीच बोलावलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "माहे पोट्टे तर येत नाईत, म्हटलं पुलाव वाया काहून घालवाचा? तुमच्या दोघाईच्या भांडणात मी तटस्थ हाय. बसा."

"बाई, त्यांले सांगा," नाना बाईंकडे पाहत म्हणाले, "मी इथं आधीपासून येतो."

"मेट्रनबाई, त्याले सांगा," बाबाराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "आज आधी मी आलो."

"असं एकदम बसता येत नाई. आधी एक बैठक घेऊ," नाना म्हणाले.

"विषयपत्रिकेशिवाय मी बैठकीले बसत नसतो," बाबाराव म्हणाले आणि त्यांनी खुर्ची फिरवली. मग नानांनीही दुसरी खुर्ची ओढून उलटी फिरवली. दोन सख्खे भाऊ टेबलाशी पाठीला पाठ लावून, मांडीवर रिकामं ताट घेऊन बसले.

तेवढ्यात बाहेर एकदम तीन गाड्या थांबल्या. मैदानावर पाकिटांना कुणी हात लावेना. पोरंबाळं भुकेनं रडकुंडीला आली होती, आणि चार चर्चांची माणसं मुकाट्यानं आपापल्या घरच्या वाटेला लागली होती. भूक घड्याळानं चालत नाही आणि आत्म्यानंही चालत नाही. सुशील, अनुश्री आणि शिशिर फाटकाशी समोरासमोर आले, एकमेकांना पाहून थबकले, तिघांचेही चेहरे आक्रसले, आणि तसेच ते दारात येऊन उभे राहिले. आत पाहतात तो हे दृश्य.

आधी अनुश्रीला हसू फुटलं. "नाना अंकल, आप लोगों के गणपति भी ऐसे ही बैठते हैं ना? पीठ करके?"

"झगड़ा किस बात का है?" शिशिरनं विचारलं.

"आरती का. एक की सात बजे, एक की साढ़े सात," सुशील म्हणाला.

"बस आधा घंटा? आधे घंटे के लिए सगे भाई?" शिशिर टेबलाला धरून हसत सुटला. सुशीलनं हात पुढे केला आणि धाकट्या भावाच्या हातावर अशी सणसणीत टाळी दिली, की छपरावरची कबुतरं उडाली. हसता हसता तिघं कधी एका ओळीत बसली, कुणाची मुलं कुणाच्या मांडीवर गेली, कुणालाच कळलं नाही. "अरे हिंदू लोग भी ना!" तिर्कीसाहेब डोळे पुसत म्हणाले. "ज़रा-सी बात पर!" पुलाव एकदाच गरम झाला आणि वाफेसकट पानात पडला. रायतं दोनदा फिरलं.

मेट्रनबाई वाढताना रडत होत्या आणि हसत होत्या. वाढता वाढता त्या दोघा भावांपाशी आल्या. दोघांच्याही मानेला रग लागली होती. पोरांच्या हसण्यानं दोघेही ओशाळले होते, आणि नानांची मान हळूच, अगदी थोडी, मागे वळू लागली होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून पुन्हा पुढे केली.

"नाना, लय उपकार झाले तुमचे," त्या कुजबुजल्या. "पुढच्या नाताळालेबी दोघं असेच या. तुम्हाले माही शपथ हाय, तेवढा समेट नका करू."

म्हाताऱ्या माणसाची शपथ मोडवत नाही. त्यामुळे चौबे कॉलोनीत दोन गणपती बसतात, आणि दर नाताळला मेट्रनबाईंच्या टेबलाशी दोन भाऊ पाठीला पाठ लावून पुलाव खातात, आणि तीन पंथांची माणसं एका पंगतीत बसून त्यांना खदखदा हसतात. ऐक्य समिती अजून आहे. बाळाचा प्रश्न पुढच्या बैठकीत आहे.

वाचकहो, लाल चर्च आणि हॉल यांची ही गंमत ऐकत तुम्हीही इथवर एका पंगतीत बसून छान हसलात, शेजारी कोण बसलंय हे न विचारता. आता हात धुवायला उठण्याआधी एवढं सांगा: तुमच्या मंडळाची आरती किती वाजता असते?